बिन आणि कोम

पहाटे साडेपाच

मोडी वाचायला ट्यूबलाइटपेक्षा मला पहाटेचा उजेड मानवतो. खिडकीशी टेबल, भिंग, टोक काढलेली पेन्सिल आणि समोर जुना कागद. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, उठायची वेळ मात्र तीच राहिली. पूर्वी या वेळेला मुलांच्या वह्या तपासायचो, आता लोकांच्या वंशावळी लावतो.

नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यात आणि आसपासच्या खेड्यांत मोडी येणारी माणसं आधीही होती, पण त्यांना फारसं कोणी विचारत नव्हतं. 2023 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, जातीच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुनी दप्तरं फडताळातून खाली आली. तेव्हापासून माझ्या दाराशी कोणी ना कोणी पिशवी घेऊन उभं असतं. पिशवीत पणजोबांचा एखादा कागद आणि तोंडात एकच प्रश्न, गुरुजी, यात काय लिहिलंय?

आजचं काम वेगळं आहे. गिरणाकाठच्या एका गावातलं शेतकरी जोडपं. आप्पा चौऱ्याऐंशीचे, त्यांची मंडळी एकोणऐंशीच्या. सगळं गाव त्यांना माय म्हणतं. साठ वर्षं दोघांनी एकच शेत कसलं. आधी ऊस, पाणी खाली गेल्यावर डाळिंब, तेल्या रोगानं डाळिंब खाल्ल्यावर कांदा. त्यांची नात अमेरिकेत, इलिनॉय राज्यात असते. तिच्या शेजारी मका नि सोयाबीन पिकवणारं एक म्हातारं जोडपं राहतं. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक मोठी चौकट लावलेली आहे, नवऱ्याकडच्या आणि बायकोकडच्या, दोन्हीकडच्या पिढ्यांची. ती पाहून नातीनं मला फोन केला. "गुरुजी, आमच्या आजी-आजोबांचं असं निघेल का? दाखल्यासाठी नको, कोर्टासाठी नको. भिंतीवर लावायला हवंय. पण दोन्हीकडचं हवं."

दोन्हीकडचं. हा शब्द मी वहीत लिहून त्याखाली रेघ मारली. माझ्याकडे आजवर आलेल्या प्रत्येकानं एकीकडचंच मागितलं आहे.

समोरचा कागद आप्पांच्या पत्र्याच्या ट्रंकेतला. शके 1799 चं गहाणखत. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे 1877, मोठ्या दुष्काळातलं साल. लिहिणाऱ्यानं आधी बोरूनं पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली आणि मग तिला अक्षरं टांगली. मोडी अशीच लिहीत. शब्द कुठे संपला, कुठे सुरू झाला याची खूण नाही. वेलांटी एकच, उकार एकच, ऱ्हस्व की दीर्घ ते आपण समजून घ्यायचं. 'मौ॥' म्हणजे मौजे. 'बि॥' म्हणजे बिन. अमुक बिन तमुक, म्हणजे अमुक हा तमक्याचा मुलगा. असा एक बिन सापडला की एक पिढी हाती लागते.

या कागदात आप्पांचे पणजोबा आहेत, बिन त्यांचे वडील. आणि त्याखाली एका बाईचं नाव. बाईच्या नावापुढे बिन नाही, 'कोम' आहे. अमकी कोम तमका, म्हणजे तमक्याची बायको. ही पणजोबांची आई. नवरा गेलेला, जमीन गहाण पडतेय, म्हणून मुलाच्या जोडीला तिचीही संमती लागली. दोघांनाही सही येत नव्हती. पणजोबांच्या नावाशी चार फटकाऱ्यांत एक नांगर काढला आहे: निशाणी नांगर. आईच्या नावाशी एक वाटोळं: निशाणी बांगडी.

भिंगाखाली ते वाटोळं मी बराच वेळ बघत राहिलो. एका जागी शाई जाड झाली आहे, तिथून बोरू टेकवला असणार. फिरून परत येताना टोकाला टोक मिळालेलं नाही. दुष्काळात ज्या बाईनं घराची जमीन पणाला लावायला होकार दिला, ती कोणाची लेक, कुठल्या गावची, हे या कागदाला माहीत नाही. गड्याला बिन चिकटतो तो मरेपर्यंत सुटत नाही. बाईला कोम लागला की तिचा बाप गळून पडतो. 'अमक्याची लेक' असं सांगणारा शब्द आमच्या भागातल्या जुन्या मोडी दप्तरात मला तरी आजवर भेटलेला नाही.

सव्वासात

देवळ्याच्या पाच कंदील चौकात चहा घेतला. उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर एकामागे एक निघाले होते, बरेचसे उमराण्याच्या बाजाराकडे. मोटारसायकल लोहोणेरच्या रस्त्याला लावली. डिकीत वही, गहाणखताची प्रत, आणि बायकोनं बांधून दिलेली भाकरी.

आठ ते साडेदहा

आप्पांच्या खळ्यात कांद्याची चाळ भरायचं काम चाललं होतं. मजूर पाट्या ओतत होते आणि माय चाळीच्या तोंडाशी बसून कांदा निवडत होत्या. फुटका बाजूला, जोडकांदा बाजूला, डेंगळा बाजूला. हाताचा वेग बघून त्यांच्या वयावर विश्वास बसत नाही.

"गुरुजी, बठा. चहा ल्या."

म्हाताऱ्या माणसाला कधी वय विचारू नये, प्रसंग विचारावा. कागदावरच्या तारखा फसव्या असतात. आप्पांची आधार कार्डावरची जन्मतारीख 1 जून आहे, मायची 1 जानेवारी. पहिली शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली, दुसरी कार्ड काढताना टाकलेली. खरी तारीख आठवणीत असते, फक्त ती आकड्यांत नसते. आप्पा म्हणाले, त्यांचे आजोबा चणकापूरच्या धरणावर दगड वाहायला गेले होते. ते धरण 1911 साली पुरं झालं. म्हणजे तेव्हा आजोबा अंगापिंडानं भरलेले गडी होते. आजी मानमोडीत गेली. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ. तेव्हा आप्पांचे वडील इतके लहान होते, की आईच्या तिरडीमागून चालताना ते दमले आणि चुलत्यानं त्यांना खांद्यावर घेतलं. एवढं ऐकलं की मी वहीत वडिलांच्या नावाशी 'अंदाजे 1910' लिहितो. तारीख अंदाजे असते, खांदा मात्र खरा असतो.

मग मी घराच्या उंबऱ्याशी गेलो. आखाजी होऊन दहा दिवस झाले होते, तरी उंबऱ्यावरची कुंकवाची बोटं पुरती पुसली नव्हती.

खानदेश-बागलाणाबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. त्या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरतात, उंबऱ्याचं औक्षण करतात आणि एकेका पूर्वजाची आठवण काढत कुंकवाचं एकेक बोट उंबऱ्यावर ओढतात. माझ्या मते ही आमच्याकडची सगळ्यात जुनी वंशावळ आहे. ती दर वर्षी नव्यानं लिहिली जाते आणि पायांखाली हळूहळू पुसते.

मी बोटं मोजली. सात. आप्पांना नावं विचारली. वडील, आजोबा, पणजोबा, त्यांचे वडील. चार नावं घडाघडा आली आणि त्यांतली शेवटची दोन गहाणखताशी जुळली. पाचव्याला आप्पा अडले. कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात चाळीकडून मायचा आवाज आला, मान वर न करता.

"पंढरीना देव."

"हां!" आप्पा म्हणाले आणि नाव सांगितलं. सहावं त्यांना आठवलं. सातव्याला पुन्हा माय: "जेजुरीना."

सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव बाईनं घ्यायचं नाही, हा जुना धाक. पण उंबऱ्यावर बोटं उमटवणारा हात साठ वर्षं मायचाच. आप्पा बाजूला उभे राहून हात जोडतात. बोट कितवं आणि कोणाचं, हे मायला पाठ. नाव ओठांवर आणायचं नाही, म्हणून देवाच्या खुणेनं लक्षात ठेवलेलं. आप्पांचं घराणं सात पिढ्या मागे नेणारी स्मृती या घरात कोणाची आहे, ते मला त्या दोन शब्दांत कळलं.

मग मी मायकडे वळलो. म्हटलं, आता तुमच्याकडचं सांगा.

त्यांचा हात थांबला. "मना माहेरनं कोन इचारस?"

माहेर बागलाणात, मोसम नदीच्या काठी. तिथे बंधाऱ्याच्या पाण्यावर फड चालायचे. पाटाचं पाणी ठरलेल्या पाळीनं शेतात फिरायचं. मायचे वडील पाटकरी होते, रात्री-बेरात्री कंदील घेऊन पाण्यामागे चालणारे. वडिलांचं नाव आलं, भावाचं आलं, आजोबांचं थोडं थांबून आलं. त्यापुढे नाही. आईचं नाव सांगताना त्या हसल्या, कारण साठ वर्षांत ते कोणी विचारलंच नव्हतं. आईच्या आईला सगळे 'मोठी माय' म्हणत. नाव?

"मोठी मायच."

जात्यावरच्या ओव्यांत कुठे नाव येतं का, तेही विचारलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत बाईनं भावाचं, बापाचं, मायबाईचं नाव घेऊन सुख-दुःख सांगितलेलं आढळतं. कागदानं सोडलेलं जात्यानं धरून ठेवल्यासारखं. मायनं डोळे मिटून दोन ओव्या आठवून म्हटल्या. त्यांत भावाचं नाव होतं, नदीचं होतं. मोठी माय तिथेही मोठी मायच.

निघताना मी एक विचारून ठेवलं, तुमचा जन्म कधीचा? "पोळाना दुसरा रोज. साहेब जावाना आदला साल." साहेब गेला 1947 ला. म्हणजे 1946 चा पोळा, ऑगस्टची अखेर.

सव्वाबारा

दप्तरखान्यात पंखा होता, पण तो लावता येत नव्हता. जुनी पानं उडतात. अर्ज गेल्या आठवड्यातच दिला होता. कारकुनानं बागलाणातल्या त्या गावाचा गठ्ठा काढून ठेवलेला. या कामात कोणत्या गावाचं दप्तर कुठे गेलं हेच आधी शोधावं लागतं. देवळा तालुका झाला 1999 साली, त्याआधी आम्ही कळवणचे. नाशिक जिल्हाच मुळात 1869 चा. त्याआधी बागलाणचा मुलूख खानदेशात. माणूस एकाच घरात जन्मतो, मरतो, पण त्याचे कागद तीन ठिकाणी फिरून येतात. एकदा एका दप्तरात, गाव सांगत नाही, मला हवं होतं नेमकं ते साल वाळवीनं खाल्लेलं निघालं. पानाला हात लावला आणि त्याची माती झाली. एका घराची तीन नावं त्या मातीत गेली. तेव्हापासून गठ्ठा सोडताना माझी बोटं आपोआप हळू होतात.

मला हवा होता गाव नमुना 14, म्हणजे गावची जन्ममृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. गावात पाळणा हलला की तिरडी उठली, कोतवालानं सांगायचं आणि वहीत ओळ पडायची. रकाने साधे असतात. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि मुलाचं नाव.

1946. ऑगस्ट. बोट खाली सरकत गेलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नोंद होती. पाटकऱ्यांचं नाव स्पष्ट, अक्षर बाळबोध, शाई निळसर. पुढे एक शब्द: मुलगी. नावाचा रकाना कोरा. आईचं नाव कुठेच नाही.

खरं तर कोऱ्या रकान्याचा दोष कोणा एकाचा नाही. नोंद बारशाआधी व्हायची, नाव ठेवलेलंच नसायचं. त्याच पानावर दोन मुलगेही बिननावाचे होते. पण त्या मुलग्यांची नावं पुढे भेटतात. सहा वर्षांनी शाळेच्या जनरल रजिस्टरात, वीस-पंचवीस वर्षांनी फेरफारात, मग सातबारावर. मायला शाळेत घातलं नाही. ही ओळ लिहिली गेली आणि त्यानंतर ती मुलगी कागदावरून नाहीशी झाली.

अमेरिकेतल्या त्या शेजाऱ्यांच्या चौकटीत बायकोकडची बाजू इतकी भरलेली कशी, याचा मी थोडा शोध घेतला होता. 1850 च्या जनगणनेपासून तिथे प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं. बाईचं, तान्ह्या पोरीचंही. गुलामांची मात्र नावं लिहिली नाहीत, नुसतं वय, लिंग नि रंग. आणि बहात्तर वर्षांनी ती पानं लोकांसाठी खुली होतात. 1950 ची 2022 साली झाली. आपल्याकडे 1881 पासून 2011 पर्यंत दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, घरोघर नावंही विचारली, पण लोकांसमोर आले ते आकडे. त्या आकड्यांत पाटकऱ्याची लेक एक आहे, एवढंच.

दोन

लिंबाखाली भाकरी खाल्ली. मायनं चाळीतले दोन कांदे खिशात घातले होते, ते फोडले.

अडीच

कोतवाल बुकानंतर फेरफार. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर जाते तेव्हा गाव नमुना सहामध्ये नोंद होते, तिला आम्ही फेर म्हणतो. आजचा सातबारा गट नंबरावर असतो; एकत्रीकरणाच्या आधीचं शोधायचं तर गटावरून जुन्या सर्व्हे नंबरावर उतरावं लागतं. त्यासाठी एकत्रीकरणाचा तक्ता, त्यावरून जुने फेर, आणि त्यांच्याही मागे गेलं की कडईपत्रक. एकेक पायरी, विहिरीत उतरावं तशी.

मायच्या वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेर सापडला 1974 सालचा. वारस म्हणून मुलगा, विधवा बायको, आणि तिसऱ्या ओळीत माय. पूर्ण नाव, पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव सासरचं, आणि 'नाते' या रकान्यात: मुलगी.

खुर्चीत मागे टेकलो. 1946 ला नाव नव्हतं, नुसतं 'मुलगी' होतं. अठ्ठावीस वर्षांनी नावही आलं आणि त्याच्यापुढे तोच शब्द. मी पहाटे म्हटलं होतं की अमक्याची लेक असं सांगणारा शब्द मोडी दप्तरात मला भेटला नाही. तो इथे होता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं लेकीला बापाच्या वाट्यात वारस केलं, म्हणून तो कागदावर आला. तरी तिथेही तलाठ्यानं तिचं नाव कब्जेदारांत न लावता 'इतर हक्कात' लावलेलं. तेव्हा तशीच रीत होती.

पुढचा फेर वर्षभरातला. हक्कसोडपत्रावरून बहिणीचे नाव कमी केले. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा.

ज्या कागदावर माय बापाची लेक म्हणून उभी राहिली, त्याच्या पुढच्याच कागदावर ती तिथून उतरली. ठशाच्या रेषा इतक्या स्पष्ट होत्या, की अंगठ्यावर आडवी गेलेली विळ्याची जुनी खूणसुद्धा दिसत होती. आज सकाळी कांदा निवडताना मी तीच खूण पाहिली होती.

वारसाच्या कायद्यात 1994 ला राज्यात आणि 2005 ला देशभर बदल झाला, वडिलोपार्जित शेतीत लेकीचा हक्क मुलाइतका झाला. पण हक्कसोडीचे फेर आजही पडतात. मी रोज बघतो. त्यातल्या प्रत्येक बाईचं ते तिच्या माहेरच्या दप्तरातलं पहिलं आणि शेवटचं नाव असतं.

चार

फोन वाजला. त्र्यंबकेश्वरहून आप्पांच्या गावच्या तीर्थोपाध्यायांनी नामावळीच्या पानाचा फोटो पाठवला होता. तिथल्या गुरुजींकडे गावागावांच्या वह्या आहेत. यात्रेकरू आला की तो आपलं नाव, बापाचं, आज्याचं, भावाचं, पोरांचं लिहून जातो आणि पुढच्या पिढीला ते दाखवलं जातं. पान शके 1854 चं, 1932 च्या सिंहस्थातलं. आप्पांचे आजोबा येऊन गेलेले. सात बोटांतली पाच नावं तिथे होती, शिवाय एका चुलत घराची फांदी, जिचा आप्पांनाही पत्ता नव्हता. शेवटी 'मातोश्री' म्हणून एक नाव. नवऱ्याकडची बाजू आता सगळीकडून पक्की झाली.

मी गुरुजींना मायच्या माहेरचं गाव आणि वडिलांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, त्या गावचे उपाध्याय दुसरे, पण विचारून कळवतो. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबा. थांबेन.

सहा

परत खळ्यात. चाळ भरून झाली होती, मजूर गेले होते. ओट्यावर चादर टाकून मी कागद मांडले.

हक्कसोडीचं पान दाखवायचं की नाही, हे रस्त्याभर ठरत नव्हतं. मायनंच विचारलं, काय सापडलं? मी ठसा दाखवला. त्यांनी आपला अंगठा त्याच्या शेजारी धरला, खूण जुळवली आणि सरळ म्हणाल्या, "वावर भाऊले, माहेर माले." आखाजीला भाऊ न्यायला मुऱ्हाळी पाठवायचा, झोका बांधायचा, चार दिवस ठेवून घ्यायचा. भाऊ होता तोवर त्यानं एकही आखाजी चुकवली नाही. त्यांच्या हिशेबी सौदा बुडीत नव्हता. माझ्या हिशेबी आहे; पण ते मी त्यांच्यापुढे बोललो नाही, कारण आयुष्य त्यांचं होतं.

मग आप्पा उठले आणि आतून प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. आपला सातबारा. भोगवटादाराच्या रकान्यात आप्पांचं नाव आणि त्याखाली मायचं. नवरा जिवंत असताना बायकोचं नाव सातबारावर? आमच्या भागात असे उतारे मी पाहिले आहेत, पण थोडे. विचारलं, कधी लावलं?

ती गोष्ट दोघांनी मिळून सांगितली, एकानं सोडलेली दुसऱ्यानं उचलत. 9 आणि 10 नोव्हेंबर 1986 ला इथून घाट ओलांडला की लागणाऱ्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. गावातून ट्रॅक्टर निघाले. आप्पा त्या काळात संघटनेचा बिल्ला लावून फिरायचे. त्यांनी मायला आणि शेजारच्या बायांना ट्रॉलीत बसवलं आणि स्वतः मागे भाकरी सांभाळत बसले. "जठे तठे बायाच," माय म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी इतक्या बाया एका जागी पाहिल्या, ज्या लग्नाला किंवा जत्रेला आलेल्या नव्हत्या. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की जिच्या कष्टावर शेत उभं आहे तिचं नाव शेतावर लावा. 1992 साली सरकारनंही लक्ष्मीमुक्ती योजनेचं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज द्यायचा, बायकोचं नाव सहधारक म्हणून लागायचं.

"मग तुम्ही अर्ज केला?"

आप्पा म्हणाले, "लगेच नही. दोन वर्स इचार करा." भावकी हसेल, बायको उद्या दावा लावेल, असं लोक सांगत होते. मग त्यांना ट्रंकेतलं गहाणखत आठवलं. ते वाचता येत नव्हतं, पण त्यांच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं की त्यावर नांगरही आहे आणि बांगडीही आहे. जमीन जाताना बाईची निशाणी चालते, मग जमीन असताना का नको? हा प्रश्न त्यांनी तलाठ्याला नाही, स्वतःला विचारला आणि अर्ज दिला.

मी सकाळी भिंगातून जे वाटोळं बघत बसलो होतो, ते या घरात आधीच एक काम करून गेलं होतं.

रात्री नऊ

ओट्यावरच्या दिव्याखाली मोठा कागद पसरला. दाखल्यासाठी वंशावळीचा जो नमुना असतो तो वरून खाली उतरतो, एकाच बाजूचा. त्यात मायकडच्या माणसांना जागा नाही. म्हणून कागद आडवा धरला. मधोमध आप्पा आणि माय. डावीकडे आप्पांचं, उजवीकडे मायचं. डावीकडे सात घरं भरली, बाजूच्या फांद्यांसकट. जिथे बाईचं नाव सापडलं तिथे ते लिहिलं, गहाणखतातल्या आईचं पहिलं. उजवीकडे वडील, आजोबा, आई.

नातीचा व्हिडिओ कॉल आला. तिथे सकाळ होती, तिच्यामागे खिडकीत ऊन दिसत होतं. मी कागद फोनपुढे धरून एकेक नाव वाचत गेलो. डावी बाजू संपली, उजवी सुरू झाली आणि तिसऱ्या नावाला थांबलो.

मायनं हात वर केला. "थांबा. मनी बहीण ऱ्हायनी." दोन वर्षांची होऊन गेली होती, देवी आल्या होत्या. कोतवाल बुकात तिचीही एक ओळ असेल, बिननावाची. नाव मायला ठाऊक होतं. लिहिलं.

"आणि मोठी माय?"

मी म्हटलं, नाव मिळालं नाही. त्र्यंबकच्या दुसऱ्या उपाध्यायांकडे विचारलंय. तोवर जागा मोकळी ठेवतो.

"नाव नही ते काय लिखशात?" त्या थोडा वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग गहाणखताची प्रत ओढून घेतली आणि बांगडीच्या निशाणीवर बोट ठेवलं. मी पेन त्यांच्या हातात दिलं. पेन धरायची सवय नाही. मुठीत धरलं, विळा धरतात तसं. आईच्या नावाच्या वरच्या मोकळ्या जागी त्यांनी सावकाश एक वाटोळं काढलं. हात थरथरला, रेघ जरा आत गेली, टोकाला टोक मिळालं नाही.

नातीनं फोन जवळ धरायला सांगितला. मी धरला.